लग्नात वाजलेलं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' आणि जुन्या पॉप गाण्यांमागच्या भानगडी

सोनचाफा_७७

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसतीच वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. गेल्या रविवारी पुण्यात मावसभावाचं लग्न झालं. सकाळी सगळं साग्रसंगीत, अंतरपाट, मंगलाष्टकं, आत्याबाईंचं ठरलेलं रुसणं, आणि संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन. आता हल्ली नवरानवरीची 'एन्ट्री' म्हणून एक प्रकार असतो. दिवे घालवतात, खालून तो पांढरा धूर सोडतात आणि मग दोघं हातात हात घालून येतात. तर धूर सुटला, माइकवाला मुलगा म्हणाला आता ऐकूया जगातलं सगळ्यात रोमँटिक गाणं, आणि बँडने सुरू केलं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'.

मला फिस्सकन हसू आलं. आईने कोपराने ढोसलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे 'द पोलीस' या बँडचं १९८३ चं गाणं, अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. बँडचा गायक स्टिंग याने ते लिहिलं तेव्हा त्याचं पहिलं लग्न मोडलं होतं आणि तो जमैकात गोल्डनआय बंगल्यावर जाऊन राहिला होता, म्हणजे जेम्स बाँडवाल्या इयान फ्लेमिंगचा बंगला तो. चाल अशी मऊ की अंगाईच वाटावी. पण शब्द नीट ऐकले तर गाणारा प्रियकर नाहीच, पाळत ठेवणारा आहे. तू काय करतेस, कुठे पाऊल टाकतेस, सगळ्यावर माझी नजर आहे असं सांगतोय. स्टिंग स्वतःच मुलाखतींत म्हणत आलाय की लोक याला प्रेमगीत समजतात, मला मात्र ते बरंच काळंकुट्ट वाटतं.

तर प्रश्न दोन. एक, अशी अजून कुठली गाणी आहेत ज्यांची मागची गोष्ट कळल्यावर तुम्ही चाट पडलात? आणि दुसरा खरा प्रश्न, गोष्ट कळली की गाणं बिघडतं का? मला ते आता पूर्वीसारखं ऐकता येत नाही. जुनीच गाणी सांगा, कॅसेटच्या काळातली.

अर्धा_चहा

सीसीटीव्हीवाल्यांनी हे गाणं कॉलर ट्यून म्हणून का घेतलं नाही अजून?

बाकी मावसभावाला सांगितलंत का? नसेल तर सांगू नका, निदान सत्यनारायण होईपर्यंत तरी.

टेपरेकॉर्डर

वा, आपल्या जिव्हाळ्याचा विषय. मी गिरगावातला. आमच्या चाळीत गणपतीत आरती झाली की मंडळाच्या लाउडस्पीकरवर हटकून बोनी एम. 'डॅडी कूल', 'मा बेकर', 'रासपुतीन' आणि 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'. इंग्रजी कुणाला येत होतं? पण रा रा रासपुतीन म्हणताना शेजारचे काकासुद्धा लुंगी सावरत पाय हलवायचे.

आता मागची गोष्ट ऐका. बोनी एममधला तो केसांचं टोपलं असलेला, अंगात आल्यासारखा नाचणारा बॉबी फॅरेल आठवतोय ना? त्याचा म्हणून जो जाड आवाज आपण ऐकला तो त्याचा नव्हताच. तो निर्माता फ्रँक फारियानचा. जर्मन माणूस, स्टुडिओत स्वतः गायचा आणि स्टेजवर बॉबी ओठ हलवायचा. चौघांतल्या तिसऱ्या बाईचाही आवाज रेकॉर्डवर नाही, खरं गाणाऱ्या दोघीच, लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट.

आणि यापुढचं वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. रासपुतीनचा, म्हणजे रशियाच्या झारच्या दरबारातल्या त्या साधूचा, खून झाला ३० डिसेंबर १९१६ ला, पेट्रोग्राडमध्ये म्हणजेच सेंट पीटर्सबर्गमध्ये. बॉबी फॅरेल गेला तो २०१० साली. तारीख ३० डिसेंबर. गाव सेंट पीटर्सबर्ग. कार्यक्रमासाठी गेला होता, हॉटेलच्या खोलीतच गेला.

कट्ट्यावरचा_बंड्या

च्यामारी, हे खरं आहे? आत्ता शोधून पाहिलं. खरं आहे. रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि घरात मी एकटा. धन्यवाद टेपकाका.

शंकासुर

योगायोग आहे हो. दर ३० डिसेंबरला सेंट पीटर्सबर्गात कितीतरी लोक जात असतील, त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही.

फारियानचं मात्र अजून एक आहे. पुढे याच गृहस्थाने मिली व्हॅनिली काढले. दोन देखणी पोरं, 'गर्ल यू नो इट्स ट्रू', १९९० चं ग्रॅमी. मग कळलं की दोघांनी त्या रेकॉर्डवर एक ओळ गायलेली नाही, आणि ग्रॅमी परत घेतलं. नाचक्की त्या दोन पोरांची झाली. फारियानला कुणी फारसं बोललं नाही. बोनी एमच्या वेळी तेच केलं होतं तेव्हाही कुणाला काही वाटलं नव्हतं.

सोनचाफाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत: नाही, बिघडत नाही. गाणं म्हणजे चाल आणि आवाज. कवीच्या घरी काय चाललं होतं त्याच्याशी ऐकणाऱ्याला काय देणंघेणं? शिऱ्याची चव आचाऱ्याच्या बायकोशी झालेल्या भांडणावर ठरत नाही.

अर्धा_चहा

आमच्याकडे ठरते. मीठ पडतं शिऱ्यात.

मिसिसॉगाची_माई

शंकासुर, शिऱ्याला शब्द नसतात, गाण्याला असतात.

मी कॅनडात बावीस वर्षं आहे म्हणून इथल्या ब्रायन अॅडम्सवर माझा हक्क. 'समर ऑफ सिक्स्टीनाइन'. आमच्या वेळी इंजिनिअरिंगच्या प्रत्येक हॉस्टेलवर एक गिटारवाला मुलगा असायचा, त्याला तीनच गाणी यायची आणि त्यातलं एक हे. आम्ही सगळ्या डोळे मिटून माना डोलवायचो, आहाहा १९६९ चा उन्हाळा, काय दिवस असतील. इथे आल्यावर कुणीतरी सांगितलं की अगं तो जन्मला नोव्हेंबर १९५९ ला, त्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा होता! नऊ वर्षांचं पोर कसला बँड काढतंय आणि कसलं प्रेम करतंय?

गाणं १९८४ च्या 'रेकलेस' अल्बममधलं. सोबत लिहिणारा जिम व्हॅलन्स, आणि गाण्याचं नाव आधी 'बेस्ट डेज ऑफ माय लाइफ' असं होतं. अॅडम्स म्हणतो त्या आकड्याचा सालाशी संबंध नाही, त्याचा अर्थ वेगळाच आहे (तो मी इथे लिहिणार नाही, माझी भाची या साइटवर आहे). व्हॅलन्स म्हणतो असं काही नाही, आम्ही सालच म्हणत होतो. दोघांनी मिळून लिहिलेलं गाणं आणि दोघांचं एकमत नाही. मग आपण कुणाचं धरायचं?

कट्ट्यावरचा_बंड्या

तो तीन गाणी येणारा मुलगा मीच. दुसरं 'हॉटेल कॅलिफोर्निया' आणि तिसरं 'पुरानी जीन्स'.

टेपरेकॉर्डर

बंड्या, 'हॉटेल कॅलिफोर्निया' काढलंस म्हणून सांगतो. त्यात सैतानाचं देऊळ आहे, वेड्यांचं इस्पितळ आहे, असल्या अफवा आमच्या कॉलेजात कुजबुजत सांगायचे. मला त्या सगळ्यापेक्षा आवडते ती कॅसेटची गोष्ट. ईगल्स बँडच्या डॉन फेल्डरने मालिबूला समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात बसून ते गिटार टेपवर घेतलं होतं, तेव्हा गाण्याला नाव नाही शब्द नाहीत, बँडमध्ये त्याला 'मेक्सिकन रेगे' म्हणायचे. मग मायामीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसले, शेवटचा तो गिटारचा मोठा तुकडा आला. फेल्डर आणि जो वॉल्श आपलं नवीन काहीतरी वाजवायला लागले. डॉन हेन्ली म्हणाला थांबा, हे नाही, टेपवर होतं तसंच्या तसं पाहिजे. टेप कुठाय? घरी, कॅलिफोर्नियात. फेल्डर सांगतो की त्याने घरी फोन लावला, काम करणाऱ्या बाईंना ती कॅसेट शोधायला लावली, टेपवर लावून फोनचा रिसीव्हर त्यापुढे धरायला सांगितला, आणि इकडे स्वतःचंच वाजवलेलं ऐकून पुन्हा शिकला.

म्हणजे जगातला एवढा गाजलेला गिटारचा तुकडा मधे एका मोलकरणीच्या हातातल्या रिसीव्हरमधून गेलाय. आणि आमच्याकडे ट्रंक कॉल लागायला दोन तास लागायचे त्या काळातलं आहे हे, १९७६.

डॉ_खोकला

मी वैद्यकीय कोट्यातून आत येतो. 'स्टेइंग अलाइव्ह', बी जीज, १९७७. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते आणि या गाण्याचा ठेका साधारण १०३ चा, त्यामुळे शिकवताना हे गाणं मनात म्हणा असं सांगतात. मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगतो. शिवाय नावही शुभ. क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'चा ठेकाही चालतो, पण ते नातेवाइकांसमोर मोठ्याने म्हणू नये.

गंमत अशी की त्या 'स्टेइंग अलाइव्ह'मध्ये ते गाणं वाजवायला ढोलवाला नव्हताच. फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत काम चालू होतं, डेनिस ब्रायन नावाच्या ड्रमरला घरच्या आजारपणामुळे मधेच निघून जावं लागलं. मग त्यांनी 'नाइट फीव्हर'साठी त्याने आधीच वाजवलेल्या ठेक्याचा एक तुकडा कापला, टेपचं गोल वेटोळं केलं आणि तेच फिरवत ठेवलं. म्हणून तो ठेका इतका एकसारखा, माणसाला थकवा येतो तसा कुठे येत नाही. अल्बमवर ड्रमर म्हणून नाव काय टाकावं? बर्नार्ड लूप! लोक नंतर त्या बर्नार्डला कामासाठी शोधत होते म्हणे.

निशिगंधा_पाचगणी

क्वीनचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचं नाव लावून घेते. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा १९४६, आणि आठव्या वर्षापासून शिक्षण आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. 'हेक्टिक्स' नावाचा पोरांचा बँड त्याने इथेच काढला, पियानो वाजवायचा. दात पुढे म्हणून मुलं 'बकी' म्हणायची. स्ट्रॉबेरी खायला येणाऱ्या पर्यटकांना हे सांगितलं की निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत, उरलेले निम्मे विचारतात की मग तो मराठी बोलायचा का.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ चं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद, कंपनीवाले म्हणाले एवढं लांब रेडिओवर कोण लावणार. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाचा फ्रेडीचा मित्र होता, त्याने शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावलं. सोमवारी दुकानांत लोक विचारत आले, रेकॉर्ड अजून बाहेरच आलेली नव्हती. मधला तो ऑपेरासारखा भाग तिघांनीच गायलाय, आवाजावर आवाज चढवत, टेप इतक्या वेळा फिरली की झिजून आरपार दिसायला लागली असं क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे सांगतो.

आणि गाण्याचा अर्थ? फ्रेडीने शेवटपर्यंत सांगितला नाही. त्यात 'बिस्मिल्ला' कुठून आलं, खून कुणाचा झाला, काही नाही. मला वाटतं हेच बरं. सोनचाफाताई, स्टिंगने सांगितलं म्हणून तुमचं गाणं बिघडलं, याने सांगितलं नाही म्हणून माझं शाबूत आहे.

रावसाहेब_नगरकर

सगळं वाचलं. इंग्रजी गाण्यांचं कौतुक करण्यात इतका वेळ घालवणाऱ्यांना एक विचारतो, आपल्याकडे काय दुष्काळ पडलाय का? पॉप पॉप म्हणजे शेवटी काय, लोकांना आवडलेली गाणी. आमच्या गावात लग्नाच्या वरातीत 'ये देश है वीर जवानों का' वाजल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नाही. १९५७ च्या 'नया दौर'मधलं देशावरचं गाणं, त्याचा लग्नाशी काय संबंध? तरी वाजतं. स्टिंगला कशाला बोलावता.

सोनचाफा_७७

रावसाहेब, तुमचा टोमणा मान्य पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे हो :) लढाईवर निघालेल्यांचं गाणं नवरदेवासाठी, हे एका अर्थी बरोबरच आहे म्हणा.

टेपरेकॉर्डर

वरातीचा विषय काढलात तर नागीण डान्स विसरू नका. रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळणाऱ्या तमाम जनतेला कळवण्यात येते की १९५४ च्या 'नागिन'मधली ती पुंगी ही पुंगी नाहीच. ते क्लेव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य, वाजवणारे कल्याणजी (पुढे कल्याणजी-आनंदजी झाले ते), आणि जोडीला हार्मोनियमवर रवी. संगीत हेमंतकुमारांचं. गारुडी लोकांनी नंतर ती धून खऱ्या पुंगीवर बसवली. म्हणजे नागालाही फसवलं.

अर्धा_चहा

नागाला कान नसतात. फसला तो रुमालवाला.

कट्ट्यावरचा_बंड्या

रावसाहेबांनी भारतीय म्हटलं म्हणून, बिद्दू राहिला की! बंगळूरचा माणूस, लंडनला गेला आणि १९७४ साली 'कुंग फू फायटिंग' केलं. ते गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायचं म्हणून केलेलं, स्टुडिओची वेळ संपायला दहा मिनिटं उरली होती त्यात दोन टेकमध्ये उरकलं. कार्ल डग्लस गायला. मुख्य बाजूचं गाणं कोणतं ते आज कुणी सांगू शकत नाही आणि हे लाखोंनी खपलं. दहा मिनिटांत! माझं गिटार सुरात लागायला त्याहून जास्त वेळ लागतो.

मग याच बिद्दूने फिरोज खानच्या 'कुर्बानी'साठी १९८० मध्ये 'आप जैसा कोई' केलं, नाझिया हसन पंधरा वर्षांची. आणि १९९५ चं 'मेड इन इंडिया' त्याने खरं तर नाझियाला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. ती पाकिस्तानची, तिने हे गाऊन आपल्या लोकांना दुखावणं नको म्हणून नाही म्हटलं, मग अलिशा चिनॉयकडे आलं.

मिसिसॉगाची_माई

आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण निघाला. आम्हा मैत्रिणींना गाण्याची पार्श्वभूमी, अग्रभूमी काही नको होतं, खोकं पुरेसं होतं.

शंकासुर

चला, आता मी स्वतःच्याच मुद्द्याविरुद्ध एक उदाहरण देतो, कारण काल रात्री विचार करत बसलो होतो.

'द लायन स्लीप्स टुनाइट'. ते अविमवे अविमवे. मुलीला झोपवताना मी वर्षभर रोज म्हटलंय. सिंहाच्या कार्टूनमुळे आमच्या पोरांना पाठ झालं. मूळ गाणं दक्षिण आफ्रिकेतलं, 'म्बुबे', झुलू भाषेत सिंह. सॉलोमन लिंडा नावाच्या माणसाने १९३९ च्या सुमारास जोहान्सबर्गला गॅलो कंपनीत ते गायलं, तो त्याच कंपनीत रेकॉर्डी भरण्याचं काम करायचा. ते उंच आवाजातलं शेवटचं जे आहे ते त्याला आयत्या वेळी सुचलं. हक्क विकले दहा शिलिंगला. रेकॉर्ड अमेरिकेत पीट सीगर या गायकाकडे पोचली, त्याला 'उयिम्बुबे'चं 'विमोवे' ऐकू आलं, तेच झालं. १९६१ ला टोकन्स नावाच्या गटाने इंग्रजी शब्द लावून पहिल्या नंबरावर नेलं. लिंडा १९६२ ला गेला तेव्हा घरात पैसे नव्हते, कबरीवर दगड बसवायला पुढे अठरा वर्षं लागली. २००० साली रायन मालान या पत्रकाराने सगळं खणून काढलं, लिंडाच्या मुलींनी दावा लावला, २००६ ला तडजोड होऊन काहीतरी मिळालं.

हे वाचल्यावर त्या रात्री मी मुलीला दुसरं गाणं म्हटलं. तिने विचारलं सिंहाचं का नाही, मला उत्तर देता आलं नाही. म्हणून माझा शिरा मी परत घेतो. अर्धवट.

टेपरेकॉर्डर

शंकासुरांनी काही परत घेतलं, या धाग्याची वाचनखूण साठवून ठेवतोय.

पैशांचंच म्हणाल तर सोनचाफाच्या गाण्यातही तेच आहे. ते टिंगटिंग गिटार, ज्यामुळे गाणं पहिल्या सेकंदाला ओळखू येतं, ते पोलीसचा गिटारवाला अँडी समर्स याचं. पण गीत-संगीत म्हणून नाव एकट्या स्टिंगचं. १९९७ ला रॅपर पफ डॅडीने आपल्या मारल्या गेलेल्या मित्रासाठी गाणं केलं, त्यात समर्सचं तेच गिटार उचललं, तेही आधी परवानगी न घेता. पैसे गेले स्टिंगला.

लांबाडाही तसंच. १९८९ ला काओमा या गटाचं आलं, जगभर कंबरा हलल्या. चाल निघाली बोलिव्हियाच्या लोस क्यार्कास नावाच्या मंडळींची, १९८१ ची, आणि ते गाणं रडत निघून गेलेल्या बाईचं. कोर्टात मूळवाले जिंकले. आपल्याकडे १९९० च्या 'घायल'मध्ये तीच चाल आली, त्यावर कोण कोर्टात गेलं नाही.

जर्मनमावशी

उशिरा येतेय. मी हॅनोव्हरला राहते, म्हणजे स्कॉर्पियन्स या बँडचं गाव, तेव्हा 'विंड ऑफ चेंज'बद्दल बोलायलाच हवं. सगळे समजतात ते बर्लिनच्या भिंतीवर आहे. भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला. त्यांच्या गायकाला, क्लाउस मायनला, गाणं सुचलं त्याआधी, ऑगस्टमध्ये मॉस्कोत मोठा संगीत महोत्सव झाला तिथे. नदीवरून बोटीने जाताना रशियन सैनिक, पत्रकार, सगळ्या देशांचे वादक एकाच बोटीत, ते बघून. गाणं बाहेर येईपर्यंत भिंत पडून गेली होती म्हणून लोकांनी ते तिला चिकटवलं. आणि २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर मायनने सुरुवातीच्या मॉस्कोच्या ओळी बदलल्या. आता तो गातो तेव्हा त्यात युक्रेन येतं. म्हणजे गोष्ट बदलली तर गाणाऱ्यालासुद्धा जुनं गाणं गाववत नाही, ऐकणाऱ्याचं काय घेऊन बसलात.

नेनाचं '९९ लुफ्टबलोन्स' पण असंच. १९८२ ला पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात फुगे सोडले, नेनाच्या गिटारवाल्याने, कार्लो कार्गेसने, ते आकाशात एकत्र जाताना पाहिले आणि त्याच्या मनात आलं की हे भिंतीपलीकडे गेले आणि रडारवाल्यांना विमानं वाटली तर? झालं, गाण्यात फुग्यांवरून महायुद्ध. इथे वाढदिवसाला लहान मुलं यावर नाचतात, फुगे हातात घेऊन.

कट्ट्यावरचा_बंड्या

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला 'माकारेना' बसवलं होतं, १९९७ ला, बाईंनी स्वतः शिकवलं, हात पुढे, हात डोक्यावर, वळा. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मोठेपणी कळलं की प्रियकराची सैन्यात शपथ चालू असताना ही बया त्याच्या दोन मित्रांबरोबर मजा करतेय असं ते गाणं आहे. प्रमाणपत्र मिळालंय मला त्याचं. उत्तेजनार्थ.

वाळवंटी_पाऊस

मी सहसा लिहीत नाही. 'टिअर्स इन हेवन' कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. एरिक क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा कॉनर २० मार्च १९९१ ला न्यूयॉर्कमध्ये ५३ व्या मजल्यावरून पडला. त्यानंतर त्याने विल जेनिंग्जबरोबर ते गाणं लिहिलं. जेनिंग्ज आधी म्हणत होता हे तुझं तूच लिही.

मला गोष्ट माहीत नव्हती तेव्हा ते नुसतं हळू, छान गाणं होतं, दुबईत गाडीत लावायचो. मुलगा झाल्यावर एकदा रेडिओवर लागलं, गोष्ट तोपर्यंत कळलेली होती, आणि मी गाडी बाजूला घेतली. त्यानंतर ऐकलेलं नाही. क्लॅप्टननेही २००४ च्या सुमारास ते गाणं थांबवलं होतं, नंतर काही वर्षांनी परत गायला लागला. तो परत गाऊ शकला, मला अजून जमलेलं नाही. आमच्या घरी सगळे सुखरूप आहेत, तरी.

निशिगंधा_पाचगणी

वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

डॉ_खोकला

वाळवंटी_पाऊस, लिहिलंत ते बरं केलंत.

रावसाहेब_नगरकर

मी मघाशी जरा तिरकस बोललो होतो. नातवाने 'टिअर्स इन हेवन' लावून दिलं. इंग्रजी कळत नाही फारसं. ऐकलं.

अर्धा_चहा

मी चहा करून आणतो सगळ्यांना.

सोनचाफाताई, पुढे काय झालं सांगा. मावसभावाला कळलं का?

सोनचाफा_७७

हो, तेच सांगायला आले. काल दोघं जेवायला आले होते. माझ्या आईने, जिने मला कोपराने ढोसलं होतं तिनेच, श्रीखंड वाढता वाढता सांगून टाकलं की ही तुमच्या गाण्याला हसत होती. मग मला सगळं सांगावं लागलं, घटस्फोट, जमैका, पाळत, सगळं. मावसभावाचा चेहरा पडला. म्हणाला, अगं पण मला कुणी सांगितलं नाही, मी तर दुसरंच सुचवलं होतं, व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'.

टेपरेकॉर्डर

अरे देवा. ते तर निरोपाचं गाणं! डॉली पार्टनने १९७३ ला लिहिलं, पोर्टर वॅगनर या आपल्या गुरूची साथ सोडून जाताना. मी तुझ्या वाटेत येत नाही, निघते, असं सांगणारं. एल्व्हिसला गायचं होतं, त्याचा मॅनेजर म्हणाला अर्धे हक्क द्या, बाई नाही म्हणाल्या, रात्रभर रडल्या म्हणतात. १९९२ ला व्हिटनीने गायलं आणि त्या नकाराचं सोनं झालं. पण लग्नात? मांडवातच सोडचिठ्ठी!

सोनचाफा_७७

हेच मी त्याला सांगितलं, इतकं सविस्तर नाही. तर नवी वहिनी इतका वेळ गप्प बसून पुरी खात होती. ती म्हणाली, त्याचं गाणं मीच बदललं. मला दोन्ही गाण्यांचा अर्थ माहीत होता. पहिल्याच दिवशी निरोप कशाला, म्हणून 'मी बघतेय'वालं निवडलं.

मावसभावाने तिसरी वाटी श्रीखंड घेतलं नाही.

अर्धा_चहा

वहिनींना आयडी काढून द्या इथे.

शंकासुर

आणि शक्य तर प्रशासक करा.